पाक मिनाती आणि सुकाणूची बिजागरी

आमच्या बेटावर पहिलं मूल झालं की माणसाचं स्वतःचं नाव संपतं. मिनाती जन्मली त्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान पाक मिनाती झाले, म्हणजे मिनातीचे वडील, आणि बहीण झाली माक मिनाती. त्याआधी त्यांना काय म्हणत होते, हे आज शाळेतल्या पोरांना विचारलंत तर ती तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. मला आठवतं, कारण त्यांच्या लग्नात भाताची ताटं मी वाढली होती. नाव हुस्नी. पण त्या नावाने हाक मारणारा साऱ्या होम आयलंडवर एकच माणूस उरला होता, त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त पाक झुरैदा. आणि पाक झुरैदांना ‘दोला’ म्हणणारे एकटे आमचे पाक मिनाती. दोघांनी साठी ओलांडली तरी किनाऱ्यावर “ए हुस्नी!” “काय रे दोला!” अशा आरोळ्या चालायच्या, आणि त्या ऐकून मलाच उगीच तरुण झाल्यासारखं वाटायचं.

पाक मिनातींची दुसरी ओळख म्हणजे त्यांचा सबर, संकटात धीर धरणं. त्यांच्यावर संकटं फार येत, निदान ते तसं म्हणत. छप्पर गळलं, परीक्षा. कोंबड्या कचऱ्याच्या गाडीखाली आल्या, परीक्षा. ऐन रमझानात दाढ दुखली ती तर फारच मोठी परीक्षा, आणि तिची बातमी त्यांनी गालाला फडकं बांधून घरोघर स्वतः पोचवली. ते कधी कुरकुरले नाहीत की कोणावर रागावले नाहीत. डोळे अर्धे मिटायचे, छातीवर हात ठेवायचा आणि हळूच म्हणायचं, “अल्लाह परीक्षा घेतोय. ज्याच्यावर त्याचं प्रेम, त्याचीच तो घेतो.” हे ऐकताना, ज्यांची छपरं गळत नव्हती अशा आम्हा बाकीच्यांना घरातल्या नावडत्या सुनेसारखं वाटायचं.

आता छप्पर गळतं ते का गळतं, हे मी विचारायचे नाही. विचारायची ती माझी बहीण. बेटावर सगळ्यांकडे आहे तशी पाक मिनातींकडेही एक छोटी मोटरवर चालणारी बग्गी आहे, आणि ती ते अकरा वर्षं दारातल्या नारळाखाली लावत आले. अकरा वर्षांत काच तीनदा फुटली. तिसऱ्यांदा फुटली तेव्हा मी तिथेच होते.

“परीक्षा,” पाक मिनाती काचेचे तुकडे वेचत म्हणाले.

“अहो, नारळ अल्लाहने पाडला, कबूल,” माझी बहीण म्हणाली. “पण गाडी तिथे कोणी लावली?”

“तुझ्यात सबर नाही.”

“नाहीच. तुमच्यात आहे, तर नवी काचही तुम्हीच आणून बसवा. मला कशाला पिटाळता पलीकडच्या बेटावर?”

ते हसले. चिडणं त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि चिडत नाही अशा माणसाशी संसार करणं किती कठीण असतं हे माझ्या बहिणीला विचारा.

आमचे इमामसाहेबही भोळे. शुक्रवारी मशिदीत बोलताना ते नाव न घेता सांगायचे, “आपल्यातच एक जण आहेत, बघा, संकटात कसे शांत राहतात.” सगळ्यांच्या माना तिसऱ्या रांगेकडे वळायच्या. तिथे पाक मिनाती चटईकडे नजर लावून बसलेले, पण कान टवकारलेले. इमामसाहेब पुढे आणखीही सांगत, दर वेळी सांगत, की दुःख ही जशी परीक्षा तशी सुख हीदेखील, आणि हवं ते हातात पडतं तेव्हाच माणसाचा पाय जास्त घसरतो. पण तोवर पाक मिनातींचं ऐकणं संपलेलं असायचं. सुखाचा त्यांना अनुभव नाही, असं ते मला एकदा गंभीरपणे म्हणाले होते. तेव्हा ते माझ्याच घरी तिसऱ्यांदा भात घेत होते.

एका बाबतीत मात्र मला त्यांची खरोखर कीव यायची. ती म्हणजे शर्यत. रोजे संपून राया, म्हणजे ईद, आली की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जुकोंगांची शर्यत असते. जुकोंग म्हणजे आमची शिडाची लाकडी होडी, आणि ती चालवता येणं म्हणजे या बेटावर माणूस असणं. पाक मिनातींनी सव्वीस वर्षं शर्यत केली, आणि सव्वीस वर्षांत एकदाही पहिले आले नाहीत. एकदा डोलकाठी मोडली. एकदा नारळाची झावळी सुकाणूत अडकली. एकदा सगळं सुरळीत चाललं होतं तर वारा पडला, तोही फक्त त्यांच्याच शिडातला, असं ते अजून सांगतात. त्यांच्याहून हळू जाणाऱ्या बोटी बेटावर होत्या, पण पहिल्या येणाऱ्या बोटीच्या शेपटाकडे बघत परत येणं त्यांच्याच नशिबी होतं. आणि ती बोट बहुतेक वेळा पाक झुरैदांची असायची. अकरा वेळा ते पहिले आले. दर वेळी पाण्यातून बाहेर येता येता ते ओरडायचे, “हुस्नी, उशीर केलास, चहा गार झाला!” आणि पाक मिनाती छातीवर हात ठेवून म्हणायचे, “परीक्षा.” पण तेव्हा डोळे अर्धे मिटलेले नसायचे. ते मी पाहिलंय.

मागच्या वर्षी रमझान सुरू व्हायच्या आधी पाक झुरैदांनी सांगून टाकलं की ते बेट सोडणार. गुडघे गेले होते, बायको आधीच गेलेली, आणि मुलगी झुरैदा तिकडे मुख्य भूमीवर कटॅनिंगला. आमची बरीच माणसं तिथे आहेत. थंडी पडते, आजूबाजूला मेंढ्या, समुद्राचा पत्ता नाही. तिकीट निघालं ते रायाच्या आठवड्यातल्या शुक्रवारचं.

“म्हणजे ही शेवटची शर्यत,” पाक झुरैदा म्हणाले. “बारा करतो आणि जातो. अकरा आकडा बरा नाही दिसत.”

“समुद्र नाही तिथे करशील काय?” पाक मिनातींनी विचारलं.

“मेंढ्यांना शीड लावीन.”

आम्ही सगळे हसलो. पाक मिनातीही हसले, आणि मग उठून बोटीला रंग द्यायला गेले. त्या महिन्यात त्यांनी बोटीला तीनदा रंग दिला.

राया आली. सकाळच्या नमाजनंतर आमच्याकडे सगळं गाव एका रांगेत उभं राहतं. पहिला माणूस रांगेतल्या प्रत्येकाचा हात हातात घेत, माफी मागत पुढे जातो आणि शेवटी उभा राहतो, मग दुसरा, मग तिसरा, असं करत प्रत्येकाची प्रत्येकाशी माफी होते. बाहेरचं, आतलं, कळत, नकळत, सगळं. लहानाने मोठ्याकडे आधी जायचं. पाक झुरैदा चाळीस दिवसांनी धाकटे, म्हणून साठ वर्षं ते आधी येत आलेत. त्या दिवशीही आले, हात हातात घेतला. “माफ कर, हुस्नी, बाहेरचं, आतलं.” “माफ. मलाही कर, दोला.” दोघांच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. नंतर मी आणि माझ्या शेजारणीने एकमेकींना माफ केलं, तेवढ्यावरून तुम्ही समजा की तो दिवस किती मोठा असतो.

म्हणजे वर्षाची माफी त्या सकाळी मागून झाली होती. हे लक्षात ठेवा, कारण आमच्या पाक मिनातींची सगळी गोची त्यातच आहे. पाप त्यांनी दुपारी केलं.

हे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी बोटी छपराखालून काढून पाण्याजवळ नेऊन ठेवतात. खाली ओंडके घालायचे आणि सगळ्यांनी मिळून ढकलायचं, आधी तुझी, मग माझी. पाक झुरैदांची बोट ढकलताना पाक मिनाती मागच्या बाजूला होते, नाक सुकाणूला लागलेलं. सुकाणू दोन बिजागऱ्यांवर बसतं. वरच्या बिजागरीला तडा गेलेला त्यांना दिसला. केसाएवढा, पण आरपार. कडेला गंजाची रेघ. जोराचं वळण घेतलं की ती सुटणार हे त्यांना कळलं, कारण आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलेलं नाही, बोटीच बांधल्या आहेत. एक शब्द बोलायचा होता. त्यांच्या घरी माळ्यावर त्याच मापाच्या दोन नव्या बिजागऱ्या पडल्या होत्या. बसवायला अर्धा तास लागला असता.

“मग बोलला का नाहीत?” मी नंतर विचारलं.

त्यांनी जे उत्तर दिलं ते ऐकून मी हातातली नारळाची खवणी खाली ठेवली, कारण हातात ठेवण्यात धोका होता. ते म्हणाले, “मला वाटलं, ही दोलाची परीक्षा असेल. अल्लाह त्याची परीक्षा घेतोय, तर मी कोण मध्ये पडणारा?”

आता मला सांगा. सव्वीस वर्षं स्वतःची डोलकाठी मोडली ती परीक्षा, स्वतःच्या बग्गीवर नारळ पडला ती परीक्षा. हे ऐकून ऐकून माणसाला वाटायला लागतं की जगात जे जे मोडतं, गळतं, तडकतं, त्याच्यावर अल्लाहचाच शिक्का असतो आणि आपण फक्त छातीवर हात ठेवून बघत राहायचं. बेटावर दुसरा कोणीही असता तर गप्प बसण्यासाठी त्याला खोटं बोलावं लागलं असतं. आमच्या पाक मिनातींना धर्मच उपयोगी पडला.

दुसऱ्या दिवशी शर्यत झाली. वारा छान होता. पाक झुरैदांची बोट पहिली, पाक मिनातींची दुसरी, बाकीच्या मागे. दूरच्या तरंगत्या पिंपाला वळसा घालून परत यायचं असतं. पाक झुरैदांनी वळसा घेतला, आणि सुकाणू निखळून पाण्यात पडलं. बोट जागच्या जागी गरगरली, शीड उलटं फडफडलं, आणि वाऱ्याने ती रेतीच्या दांड्यावर नेऊन बसवली. तिथे पाणी गुडघाभर, बुडायचं भय नाही. पाक झुरैदा बोटीच्या काठावर बसून दोन्ही हात वर करून ओरडत होते. वाऱ्याने ऐकू आलं नाही. माझी बहीण म्हणाली, ते हसतायत. मला तसं वाटलं नाही.

आणि पाक मिनाती पहिले आले.

असा जल्लोष बेटावर मी पाहिलेला नाही. लोक कपड्यांसकट पाण्यात शिरले. बायका रडल्या. पाक मिनातींना खांद्यावर घेतलं, आणि ते वजनदार आहेत हे त्याच वेळी सगळ्यांना कळलं. इमामसाहेबांनी शर्यतीचा कप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “सव्वीस वर्षांच्या सबरचं फळ!” दांड्यावरून चालत, लंगडत पाक झुरैदा आले, ओले चिंब, आणि सगळ्यांच्या आधी त्यांनीच मिठी मारली. “हुस्नी, लेका, शेवटी चहा गरम मिळाला तुला!”

त्या वेळी पाक मिनातींचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं आनंदाने माणूस इतका पांढरा पडतो काय.

त्यानंतरचे तीन दिवस ते जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. सणाची साटे, म्हणजे काडीवर भाजलेलं मांस, झावळीत शिजवलेला भात, सगळं समोर ठेवलं तरी हात पुढे जाईना. कप त्यांनी फ्रिजवर ठेवला, तोंड भिंतीकडे करून. लोक अभिनंदनाला यायचे आणि प्रत्येक जण तेच म्हणायचा, सबर, सबर. इतकी वर्षं जो शब्द त्यांना मधासारखा लागायचा, तो आता दाढेत अडकायला लागला. बहीण मला म्हणाली, “जिंकल्यापासून बिघडलेत. हरत होते ते बरं होतं, निदान खात तरी होते.”

बुधवारी दुपारी ते माझ्याकडे आले. मी नारळ खवत होते. ते दारात उभे राहिले, मग बसले, मग उठले.

“तुला एक विचारू?”

“विचारा. उभ्याने विचारा की बसून, एकदा ठरवा मात्र.”

“राया झाल्यावर माफी मागितली तर चालते का?”

“म्हणजे?”

“म्हणजे मधल्या दिवसांत. कारण नसताना.”

“कारण नसताना कोण मागतं? काय केलंत?”

मग सगळं बाहेर आलं. बिजागरी, तडा, माळ्यावरच्या दोन नव्या बिजागऱ्या, आणि ते अल्लाहच्या मध्ये न पडणं. खवणी मी खाली ठेवली ती तेव्हाच.

“जाऊन सांगा त्यांना,” मी म्हटलं. “आत्ता. शुक्रवारी जातायत ते.”

“सांगतो ना. पण... जेट्टीवर निरोप देताना सगळेच माफी मागतात. लांब जाणाऱ्याची मागतातच. त्यात हेही येईलच की. बाहेरचं, आतलं, सगळं येतं त्यात.”

“रांगेत लपून मागणार?”

“लपून कसं? हात हातात घेऊन मागणार.”

“पाक,” मी म्हटलं, “सगळ्या गावाला एकाच टोपात शिजवलं तरी तुमचा तुकडा तुम्हाला ओळखू येईल.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाईट वाटलं. म्हणाले, “तो मला परत हुस्नी म्हणेल का, सांगितल्यावर? दुसरं कोणी म्हणत नाही गं.” आणि गेले. मी कोणाला काही बोलले नाही. मला तोंडाला कुलूप लावता येत नाही असं म्हणणाऱ्या लोकांनी हे जरा लक्षात ठेवावं.

शुक्रवारी सकाळी सगळं गाव जेट्टीवर. विमान उतरतं ते पलीकडे वेस्ट आयलंडवर, तिथवर बोटीने जायचं. मी रोजच त्या बोटीने जाते, तिकडच्या पाहुणघरात माझी नोकरी आहे. मी चढून खिडकीशी जागा धरली आणि बघत बसले. पाक झुरैदा रांगेतून एकेकाचा हात घेत येत होते. पाक मिनातींपाशी आले. पाक मिनातींच्या काखेत प्लास्टिकची पिशवी.

“माफ कर, दोला,” ते म्हणाले. “बाहेरचं, आतलं. कळत... नकळत.”

“माफ, सगळं माफ,” पाक झुरैदा म्हणाले. “आता रडतोस काय, हुस्नी? मी मरायला नाही, मुलीकडे चाललोय.”

झालं. सुटले पाक मिनाती. अगदी नियमाप्रमाणे, गावासमोर, माफी मिळाली. वर्षाला एकदाच मिळते ती आठवड्यात दोनदा मिळाली. मी मनात म्हटलं, वा, काय नशीब घेऊन आलेत. खरं सांगते, मला त्यांचा फार राग आला होता.

बोटीचे दोर सोडले. फळी आत ओढली. आणि अडीच हात पाणी मध्ये आलं असताना पाक मिनातींनी उडी मारली. या वयात, लुंगीत. एक चप्पल जेट्टीवरच राहिली. माझी बहीण किनाऱ्यावरून किंचाळली, “अहो, जाताय कुठे?” त्याचं उत्तर तिला दुपारी मिळालं.

ते पाक झुरैदांच्या समोर जाऊन बसले. या बोटीचं इंजिन भलतं मोठ्याने वाजतं, त्यामुळे जी गोष्ट त्यांना कानात सांगायची होती ती ओरडून सांगावी लागली.

“मला तडा दिसला होता!”

“काय?”

“तडा! तुझ्या बिजागरीला! आदल्या दिवशी! मी बोललो नाही!”

बोटीतली चाळीस माणसं वळून बघायला लागली, आणि बोटवाल्याने इंजिन मंद केलं. पाक मिनातींनी पिशवीतून कप काढून पाक झुरैदांच्या मांडीवर ठेवला. “मला वाटलं तुझी परीक्षा असेल,” ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनाच ते इतकं वेडगळ वाटलं असावं की आवाज अर्ध्यात बसला.

पाक झुरैदांनी कपावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “लोखंड होतं. खाऱ्या पाण्यात लोखंड तडकतं. त्यात अल्लाहला कशाला ओढतोस?” त्यांना ओरडावं लागलं नाही, आम्ही सगळे ऐकतच होतो. “मला तडा दिसला नाही. माझे डोळे गेलेत. तुला दिसला. परीक्षा असलीच तर ती तुझी होती. माझ्या बोटीवर दिलीस आणि नापास झालास.”

“माफ कर, दोला.”

“मघाशी केलं की माफ. जेट्टीवर. तेव्हा मला ठाऊक नव्हतं काय माफ करतोय ते. तुला ठाऊक होतं.” त्यांनी कप उचलून परत पाक मिनातींच्या मांडीवर ठेवला. “ते मी मागे घेतो. पुढच्या रायाला येईन. तेव्हा माग.”

पुढचा सगळा रस्ता दोघं समोरासमोर बसून होते. पलीकडे उतरल्यावर मी कामाला जायच्या ऐवजी त्यांच्यामागे विमानतळापर्यंत गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. पाक मिनाती एका पायात चप्पल घालून, पाक झुरैदांची पेटी उचलून चालले होते. पाक झुरैदांनी उचलू दिली. आत जायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेटी घेतली, मान हलवली आणि म्हणाले, “येतो, पाक मिनाती.”

बाकी सगळं गाव त्यांना रोज तेच म्हणतं. पण पाक मिनाती तिथे कुंपणाला धरून उभे राहिले, विमान दिसेनासं झालं तरी उभे राहिले. मी हाताला धरून बोटीवर आणलं त्यांना. चिडले असते तरी चाललं असतं, असा विचार करत होते मी, पण ते चिडलेले नव्हते. लहान मुलासारखे रडत होते.

दुपारी नमाजनंतर त्यांनी सगळ्यांसमोर कप इमामसाहेबांना परत दिला आणि काय झालं ते सांगितलं. तसं बोटीतल्या चाळीस जणांनी आधीच सांगितलं होतं, आणि त्या सांगणाऱ्यांत मी नव्हते. इमामसाहेब भोळे असले तरी शहाणे आहेत. ते एवढंच म्हणाले, “बसा. पहिल्याच रांगेत बसा.” त्यानंतर त्यांनी मशिदीत कोणाचंच उदाहरण दिलं नाही.

लोकांनी सोडलं असं नाही. वर्षभर पोरं त्यांना बघून ओरडायची, “पाक, आमच्या सायकलीला तडा दिसतो का?” आणि गंमत म्हणजे ते खरंच थांबून बघायचे. ब्रेकची तार झिजली आहे म्हणून सांगायचे, घरी नेऊन बदलून द्यायचे. बोटी तर एकही सोडली नाही, सगळ्यांची सुकाणू उलटीपालटी करून तपासली, लोक कंटाळले. माझ्या दाराची कडी सैल आहे हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं. घराचं छप्पर स्वतः चढून दुरुस्त केलं. एके दिवशी बहिणीने मला हाक मारून बाहेर बोलावलं आणि बोट दाखवलं. बग्गी नारळापासून दहा पावलं लांब, भिंतीला लावलेली होती. बहिणीच्या डोळ्यांत पाणी होतं. “अकरा वर्षं,” ती म्हणाली. “आणि एका बिजागरीने केलं.”

पाक झुरैदांची बोट छपराखालीच होती. पाक मिनातींनी तिला दोन्ही बिजागऱ्या नव्या बसवल्या, मग सगळा तळ खरवडून झाला, मग रंग. कटॅनिंगहून फोन काही आला नाही. सुक्या मासळीचं पुडकं जाणाऱ्याबरोबर दोनदा पाठवलं. पोचलं म्हणून निरोप आला, झुरैदाकडून. “ते काही म्हणाले का?” असं पाक मिनाती मला विचारायचे, आणि मी “मासळी चांगली होती म्हणाले” असं सांगायचे. ते खोटं होतं. त्याची माफी मी याच रायाला मागून टाकली.

पाक झुरैदा आले ते रायाच्या आधीच्या विमानाने. वाळलेले, अंगात लोकरीचा स्वेटर. जेट्टीवर सगळ्यांना भेटले. पाक मिनाती मागे उभे होते, त्यांच्याकडे फक्त मान हलवली.

सकाळी नमाज झाली आणि रांग लागली. गाव लहान आहे, सगळ्यांना सगळं ठाऊक, त्यामुळे हात हातात घेत होतो आम्ही एकमेकांचे आणि डोळे सगळ्यांचे तिकडे. माफी मागायची होती पाक मिनातींना. पण रीत अशी की धाकट्याने आधी यायचं, आणि चाळीस दिवस हे चाळीस दिवस असतात. पाक झुरैदा लंगडत आले. दोन्ही हातांनी पाक मिनातींचा हात धरला.

“माफ कर, हुस्नी,” ते म्हणाले. “वर्षभर तुला टांगून ठेवलं.”

पाक मिनातींचा मोकळा हात आपोआप छातीवर गेला. डोळे अर्धे मिटले. तोंड उघडलं. आता काय येणार ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं, माझ्या बहिणीने तर कपाळाला हात लावला. पण ते तसेच थांबले. हात छातीवरून खाली घेतला आणि तो दोस्ताच्या हातांवर ठेवला.

“नाही रे दोला,” ते म्हणाले. “चुकलो मी.”